एवढा मोठा मासा सोडून द्यायचा? नॉर्थ कॅरोलायनाचं फिशरीज कमिशन आणि आपली किनारपट्टी (धागा)

खाडीवरचा

२०२४ च्या ऑक्टोबरात बाबा आले होते आमच्याकडे, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला. मॉल दाखवला, म्युझियम दाखवलं, कशात मन रमेना, एकच धोशा, समुद्र कुठाय तुमचा. माणूस देवगडजवळच्या खाडीकाठचा, नोकरी मास्तरकीची पण सुट्टी लागली की गरी घेऊन खडकावर, त्यामुळे त्यांचंही बरोबर होतं. शेवटी एका शनिवारी पहाटे गाडी काढली, आय-४० धरला, दोन तासात विल्मिंग्टन आणि तिथून पूल ओलांडून राइट्सव्हिल बीच. तिथे समुद्रात लांबवर धक्का घातलाय, पियर म्हणतात, त्याचं तिकीट काढलं की दिवसभर गरवत बसा. मला आधी धास्ती होती की बाबांचं लायसन कुठून आणू, कारण १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला इथे समुद्रात गळ टाकायचा तर २००७ पासून लायसन लागतं, पण तिकीटखिडकीवरची बाई म्हणाली पियरने सगळ्यांच्या वतीने एकच लायसन घेतलेलं असतं, तुम्ही खुशाल बसा.

साडेनऊच्या सुमारास बाबांच्या गळाला जोरात ओढ लागली. वीसेक मिनिटं झुंज चालली, शेजारचा एक म्हातारा आपली रॉड सोडून दोराला बांधलेलं गोल जाळं घेऊन धावत आला आणि त्याने ते खाली सोडून मासा अलगद वर घेतला. तांबूस सोनेरी अंग, शेपटाजवळ काळा टिपका. रेड ड्रम. बाबांनी हात लावला आणि लगेच म्हणाले, अरे ही तर घोळीची बहीण! आणि खरंच आहे ते, घोळ, ढोमा आणि हा, तिन्ही एकाच कुळातले, नर पोटातल्या फुग्यावर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज काढतो म्हणून नाव ड्रम.

मग म्हाताऱ्याने लाकडी पट्टी आणली. मासा आडवा ठेवायचा, तोंड मिटवायचं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणायची आणि मग आकडा वाचायचा. ३१ इंच. म्हाताऱ्याने मान हलवली. नियम असा की १८ इंचापेक्षा लहान ठेवायचा नाही, २७ पेक्षा मोठाही ठेवायचा नाही, आणि मधला मिळाला तर माणशी दिवसाला एकच. बाबांना मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. लहान सोडतात हे त्यांना कळत होतं, मोठा का सोडायचा? पण जाळ्यात घालून परत खाली सोडला, थोडा वेळ पाण्यात तसाच तरंगला आणि मग शेपटी मारून गेला.

परतताना गाडीत बाबांनी एकच प्रश्न दहा वेळा विचारला, हे ठरवतं कोण? मलाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर वाचायला बसलो, नंतर रॅलेला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, एका बैठकीलाही जाऊन बसलो, आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

तर हे ठरवणारं मरीन फिशरीज कमिशन. १९९७ च्या फिशरीज रिफॉर्म ॲक्टने त्याला आजचं रूप आलं. नऊ माणसं, गव्हर्नर नेमतो, मुदत तीन वर्षांची. पण खरी गंमत खुर्च्यांच्या वाटपात आहे, कारण कुठली खुर्ची कोणाची हे कायद्यातच लिहिलंय. धंद्याची मासेमारी करणारे दोन, मासळीचा व्यापारी किंवा प्रक्रिया करणारा एक, हौशी गळवाले दोन, हौशी मासेमारीच्या धंद्यातला एक, एक मत्स्यशास्त्रज्ञ आणि दोन खुल्या जागा. म्हणजे विकणाऱ्यांचे तीन, हौशींचे तीन, आणि पारडं कुठे झुकणार ते उरलेल्या तिघांवर. त्यामुळे खुल्या जागेवर कोण येतो यावर इथे काय भांडणं होतात विचारू नका.

कमिशन नियम करतं आणि योजना मंजूर करतं. रोजचं काम डिव्हिजन ऑफ मरीन फिशरीजकडे, मुख्यालय मोरहेड सिटीला, आणि पाण्यावरचे पोलीस म्हणजे मरीन पेट्रोल तेही त्यांचेच. डिव्हिजनच्या डायरेक्टरला कमिशनने आदेश काढायचा अधिकार दिलेला आहे, प्रोक्लमेशन म्हणतात, त्याने हंगाम झटक्यात उघडता किंवा बंद करता येतो. २०१८ च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, उथळ खाड्यांतले सीट्राउट गारठून बधिर झाले, पाण्यावर नुसते तरंगत होते, कोणीही हाताने उचलावेत असे. लगेच आदेश निघाला आणि सीट्राउटची मासेमारी धंदेवाल्यांना आणि हौशींना दोघांनाही १५ जूनपर्यंत बंद. कारण काय, तर जे थंडीतून वाचलेत त्यांना वसंतात एकदा तरी अंडी घालू द्या. फाईल फिरत बसली असती तर तोवर काय राहिलं असतं?

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. रेड ड्रम साठ वर्षांपर्यंत जगू शकतो. २७ इंचाच्या वर गेलेला मासा वीण देणारा, तो वर्षानुवर्षं अंडी घालत राहणार, त्याला मारलं की पुढची कितीतरी वर्षं मारली. म्हणून मधल्या वयाचा एक खा आणि म्हाताऱ्याला जाऊ दे. धंदेवाल्यांनाही हीच १८ ते २७ ची पट्टी लागू, वर वर्षाची मर्यादा अडीच लाख पौंड, म्हणजे ११३ टनांच्या आसपास. आणि हा काही साधासुधा मासा नाही, १९७१ पासून राज्याचा मासा आहे, जगातला विक्रमी रेड ड्रमही इथलाच, १९८४ ला हॅटरस बेटावर एव्हनजवळ मिळालेला, ९४ पौंड २ औंसाचा.

तुमच्यापैकी कोणी या भागात आहे का, किंवा इतर राज्यांतलं कोणाला माहीत आहे का? आणि कोकणातल्या मंडळींनी आपल्याकडचं लिहा प्लीज, बाबांशी बोलताना माझं तिथलं ज्ञान फारच तोकडं पडलं.

शिंपला

छान लिहिलंय! मी सध्या इथेच किनाऱ्यावर बोफर्टमध्ये आहे, सागरी जीवशास्त्रात पीएचडी करतेय, त्यामुळे हा विषय रोजच्या चहाबरोबर असतो. एक भर घालते, कमिशनचं राज्य फक्त खाड्या, साउंड (बेटांची रांग आणि जमीन यांच्यामधलं उथळ पाणी) आणि किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत. पुढे २०० मैलांपर्यंत केंद्र सरकार. वर नदीत गोड्या पाण्यात गेलं की वेगळं कमिशन, वाइल्डलाइफवालं, आणि मधल्या काही पाण्यावर दोघांचाही हक्क. शिवाय स्ट्राइप्ड बाससारखे मासे राज्यांच्या सीमा ओलांडत फिरतात, त्यांच्यासाठी अटलांटिक किनाऱ्यावरच्या १५ राज्यांचं मिळून आणखी एक कमिशन आहे, १९४२ पासूनचं. माशाला यातलं काही कळत नाही हा सगळा प्रॉब्लेम आहे.

रेड ड्रमची गोष्ट गोड आहे पण खरी परीक्षा फ्लाउंडरची. आपल्याकडच्या लेपीसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, तळाशी वाळूत पडून राहतो. सदर्न फ्लाउंडर हा नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंत एकच साठा धरतात. २०१९ च्या अभ्यासात दिसलं की साठा खालावलाय आणि पकड अजूनही जास्त आहे. इथला कायदा सांगतो की खालावलेल्या साठ्यासाठी योजना केली तर दोन वर्षांत जादा पकड थांबली पाहिजे आणि दहा वर्षांत साठा सावरला पाहिजे, त्यामुळे कमिशनला पळवाट नव्हती. २०१९ ला पकड ६२ टक्क्यांनी आणि २०२० पासून ७२ टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. ७२ टक्के हो! ज्याचं सप्टेंबर ते नोव्हेंबरचं घर त्या माशावर चालतं त्याला हे सांगायचं.

आणि यात एक क्रूर गोष्ट आहे जी मला अजून टोचते. किमान माप १५ इंच. फ्लाउंडरचा नर तेवढा वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, तो छोटाच राहतो. मग १५ इंचावरचे म्हणून जे ठेवले जातात ते जवळजवळ सगळ्या माद्या. लहान मासा वाचावा म्हणून माप लावलं आणि भार पडला माद्यांवर. त्यात या माद्या शरद ऋतूत अंडी घालायला साउंडमधून बाहेर समुद्राकडे निघतात, आणि नेमकी त्याच वाटेवर खुंट मारून उभी केलेली पाउंड नेट असतात.

खाडीवरचा

@शिंपला ताई, हे माहीतच नव्हतं. मग माप काढून का टाकत नाहीत?

शिंपला

काढलं तर छोटी पिल्लंही जातील ना, त्यात नर-मादी दोन्ही. सोपं उत्तर नाहीये. म्हणून मग भर कोट्यावर, आणि कोटा आला की वाटणी आली. योजनेच्या २०२२ च्या दुरुस्तीत धंदेवाल्यांना ७० टक्के आणि हौशींना ३०, पुढे हळूहळू ५०-५० कडे. २०२३ ला हौशींचा हंगाम १५ ते २९ सप्टेंबर, दिवसाला एक मासा, तरीही त्यांनी आपला वाटा ओलांडला. दंड काय, तर २०२४ ला हौशींसाठी हंगाम उघडलाच नाही. धंदेवाल्यांचा मात्र उघडला. त्या वर्षी गळाचं आमिष विकणाऱ्या इथल्या प्रत्येक दुकानात हीच चर्चा, बाजारात फ्लाउंडर विकायला आहे आणि मला माझ्या नातवाबरोबर एक पकडता येत नाही.

गरीवाला

मी शार्लटला राहतो आणि मी त्या चिडलेल्यांपैकी एक आहे, सरळ सांगतो. मुलाला पहिला फ्लाउंडर पकडून द्यायचं कबूल केलं होतं, रात्री उथळ पाण्यात दिवा घेऊन चालत जायचं, वाळूत त्याची नुसती कड दिसते आणि भाल्याने टोचायचं, आख्ख्या वर्षात तेवढी एक सहल असते आमची, ती गेली. आणि आमच्या पकडीचा आकडा आला कुठून? विकणाऱ्याचं सोपं आहे, तो व्यापाऱ्याकडे मासळी उतरवतो तेव्हा दर फेरीची चिठ्ठी फाटते, १९९४ पासून ही पद्धत आहे, पौंडापर्यंत हिशोब. आमचं म्हणजे धक्क्यावर येऊन काही जणांना विचारणार, काहींच्या घरी पत्र पाठवणार आणि त्यावरून लाखो लोकांचा अंदाज. त्या अंदाजावर माझा हंगाम बंद. मला नियम नको असं नाही, मला मोजणी नीट हवी.

शिंपला

@गरीवाला, तुमची तक्रार रास्त आहे, आमच्यातलेही हेच म्हणतात. म्हणूनच १ डिसेंबर २०२५ पासून रेड ड्रम, फ्लाउंडर, सीट्राउट, स्ट्राइप्ड बास आणि वीकफिश हे पाच मासे ठेवले तर डिव्हिजनला कळवणं सक्तीचं झालंय. कायदा २०२३ चा, मध्ये एक वर्ष पुढे ढकलला. लोकांनी खरं भरलं तर चार-पाच वर्षांत चित्र बदलेल असं मला मनापासून वाटतं. तुम्ही भरा, मित्रांनाही भरायला लावा.

रापणकार

ह्या वाचून बरा वाटला. मी मालवणचा, आमची तीन पिढ्यांची रापण. खाडीवरचा भाऊंच्या बाबांना नमस्कार सांगा, देवगडच्या खडकावर गरवायला मीपण आलोय.

आता आमचं सांगतो. आपल्याकडे कमिशन नाही, सरकारचं खातं आहे आणि कायदा आहे १९८१ चा, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्याचे, म्हणजे तिकडच्या तिनाच्या चौपट. १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस, ती आम्ही पाळतो, कारण नारळी पौर्णिमेच्या आधी समुद्रात जाऊ नये हे आमच्या आजोबांपासून आहे, कायदा नंतर आला. भांडण तिथे नाहीच. भांडण पर्ससीनचं (थव्याभोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडीचं (प्रखर दिव्यांनी मासे ओढून घ्यायचे). डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्यावर २०१६ च्या फेब्रुवारीत राज्याने आदेश काढला, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे. एलईडी लावून मासेमारीला केंद्राने २०१७ ला बंदी घातली. २०२१ ला कायदा आणखी कडक झाला, एलईडीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड, आणि खटला तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसायच्या सहायक आयुक्ताकडे दिला.

कागद उत्तम आहे. पण रात्री आमच्या अंगणातून समुद्राकडे बघा कधीतरी. काळोख्या रात्री क्षितिजावर उजेडाची रांग, शहर वसल्यासारखी. आम्ही फोन करायचा, तिथून कोणी निघेपर्यंत दिवे बंद. सकाळी रापण ओढायला पन्नास माणसं उभी, दोन्ही दोर खेचून जाळं काठाला आलं की आत काय, मूठभर पेडवे आणि कचरा. वाटणी काय करायची त्याची? ती पन्नास माणसं तशीच वाळू झटकून घरी जातात.

मला त्या नऊ खुर्च्यांचं कौतुक आहे ते याच्यासाठी. आपल्याही कायद्यात सल्लागार समितीची तरतूद आहे, पण सल्ला आणि मत यात फरक असतो. तिकडचा मच्छिमार हात वर करून मत देतो आणि ते मोजलं जातं. आम्ही निवेदन देतो आणि पोच घेतो.

मत्स्यगंधा

रापणकार दादा, शेवटच्या दोन ओळी वाचून डोळ्यात पाणी आलं. मी सातपाटीची, आई अजून बाजारात बसते.

मापाबद्दल लिहिते. २०२३ ला आपल्या राज्यानेही ५४ जातींच्या माशांची किमान मापं ठरवली, आणि त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा झाला. आईला विचारलं तर म्हणाली माप पूर्वीपासून ठाऊक आहे, आमच्याकडे एवढासा कवळा पापलेट आला की म्हातारी माणसं बोलायची, हे कशाला आणलंस. पण डोल (प्रवाहात लावायचं पिशवीसारखं जाळं) लावली की जाळं काही माप बघत नाही, जे येईल ते येतं, वर काढेपर्यंत ते मेलेलं असतं. गळाला लागलेला मासा मोजून सोडता येतो, जाळ्यातला सोडून काय उपयोग? म्हणून माझ्या मते बाजारातल्या मापापेक्षा जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकाचं, माप महत्त्वाचं, आणि ते बंदरावर, जाळी विणतात तिथेच बघितलं पाहिजे. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईला पकडणं सगळ्यात सोपं म्हणून तिच्यापासून सुरुवात करू नका एवढंच.

टँपाकर

फ्लोरिडातलं थोडक्यात. इथे वाटणीचा वाद मतपेटीतून सुटला. १९९४ ला लोकांनी राज्यघटनेतच दुरुस्ती केली, ७२ टक्के मतं, आणि १९९५ च्या जुलैपासून राज्याच्या पाण्यात गिल नेट (मासा कल्ल्यांशी अडकतो ते जाळं) बंद. मासे वाढले असं हौशी लोक अभिमानाने सांगतात. पण सीडर कीसारख्या गावात बोय पकडणारी जी घरं होती त्यांची जाळी एका रात्रीत निरुपयोगी झाली, त्यातले बरेच जण मग प्रशिक्षण घेऊन शिंपल्यांच्या शेतीकडे वळले. तिथला एक म्हातारा मला म्हणाला होता, समुद्र तोच आहे, मी बदललो. त्याचा आवाज अजून आठवतो.

खाडीवरचा

@टँपाकर, इथेही तसंच होता होता राहिलं. २०२५ च्या जूनमध्ये विधिमंडळात फ्लाउंडर आणि रेड स्नॅपरच्या हौशी हंगामाचं एक साधं बिल होतं, एचबी ४४२, त्यात सिनेटने ऐनवेळी एक कलम घुसवलं, साउंडमध्ये आणि किनाऱ्यापासून अर्ध्या मैलात कोळंबीचं ट्रॉलिंग (बोटीमागे तळावरून जाळं ओढणं) बंद. कमिशन, सल्लागार समित्या, जनसुनावणी, सगळं बाजूला. मी त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत रॅलेला विधिमंडळापाशी जाऊन आलो. किनाऱ्यावरून चार-चार तास गाडी चालवून आलेली माणसं, पायात पांढरे रबरी गमबूट, कामावरून उठून आल्यासारखी, सोबत बायकामुलं. एका सात-आठ वर्षांच्या पोराचे बूट त्याला दोन नंबर मोठे होते. शेवटी २५ जूनला हाउसमधल्या, म्हणजे खालच्या सभागृहातल्या, बहुमतवाल्यांनी ठरवलं की हे बिल घ्यायचंच नाही.

ट्रॉलिंगने साउंडच्या तळाचं नुकसान होतं, कोळंबीबरोबर बारकी मासळीही मरते, हे मला पटतं, आणि तरीही मला वाटलं की हे असं रातोरात व्हायला नको होतं. कमिशनच्या बैठकीत मी बघितलंय, कोणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतो, समोर घड्याळ लावलेलं असतं. त्या दिवशी एक खेकडेवाला बोलला, तळहात नुसते चिरांनी भरलेले, कागद धरताना थरथरत होते, त्याला वाचताच येईना नीट, घड्याळ वाजलं तरी अध्यक्षांनी त्याला पूर्ण करू दिलं. निर्णय त्याच्या बाजूने लागला नाही. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाला डिव्हिजनच्या शास्त्रज्ञाला माईकवर उत्तर द्यावं लागलं, सगळ्यांसमोर, आणि ते इतिवृत्तात गेलं.

रापणकार

ह्याच. उत्तर देवचा लागता, ह्याच होया आमका.

गरीवाला

@खाडीवरचा, पुढच्या बैठकीला जाणार असाल तर सांगा, मी शार्लटहून येतो. तीन मिनिटांत हौशींच्या मोजणीबद्दल बोलायचंय, ताईंनी मसुदा तपासून दिला तर बरं होईल.

शिंपला

पाठवा, नक्की बघते. आणि हो, पामलिको साउंडला उन्हाळ्याच्या शेवटी मोठ्या ड्रमसाठी जाणार असाल तर गोल वळणाचा सर्कल हूकच न्या, काटा दाबून सपाट केलेला, तिथे तो सक्तीचा आहे. साधा गळ मासा गिळतो आणि मग सोडला तरी मरतो. गोल गळ जबड्याच्या कडेला लागतो.

खाडीवरचा

@गरीवाला, तारीख कळली की इथेच टाकतो, कॅरीहून एकत्र जाऊ.

@शिंपला ताई, ते गोल गळ बाबांनी जाताना दोन पाकिटं बॅगेत भरून नेलेत, का ते तेव्हा कळलं नव्हतं. काल व्हिडिओ कॉलवर दिसलं, ओटीवर बसून पकडीने एकेकाचा काटा दाबत होते. म्हणाले खाडीत जिताडा लागला तर बघतो, वितीपेक्षा लहान असला तर सोडणार. मी विचारलं आणि मोठा लागला तर? ते म्हणाले, तुझ्या आईला विचारून सांगतो.